मुळांनी धरलेली माती

(आष्टी येथील विहाराच्या वर्धापनदिन कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)





वर्धापनदिनाला आपल्याकडं धम्मावर, संविधानावर, शिक्षणावर व्याख्यान होतं. ते झालंच पाहिजे. आजचा माझा विषय मात्र माती आहे, आणि त्या मातीला धरून ठेवणारी मुळं. गवताच्या मुळांचं आणि विहाराचं काय नातं, असं काहींच्या मनात आलं असेल. नातं आहे, आणि ते दुहेरी आहे. एक आपल्या भाकरीचं, दुसरं आपल्या धम्माचं.

सप्टेंबर २०२५ चा पाऊस आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. मराठवाड्यात गोदावरी आणि तिला मिळणाऱ्या नद्या पात्र सोडून शेतात शिरल्या. उभं पीक गेलं ते गेलंच, पण ठिकठिकाणी पिकाखालची मातीही गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनानं जी मदत जाहीर केली, तिच्यात "खरडून गेलेली जमीन" हा वेगळा विषय होता. हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंत, अशी ती घोषणा होती. पीक बुडालं तर पुढच्या हंगामाला पुन्हा पेरता येतं. माती गेल्यावर पेरायचं कशात? म्हणून सरकारलाही मातीचा हिशेब पिकापेक्षा वेगळा धरावा लागला.

आता ही माती कोणाची, ते बघू. आपल्या समाजाला जमीन वारशानं मिळालेली नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यात मराठवाडा होता. १९६४ साली तो देशभर झाला आणि लाखांवर माणसं तुरुंगात गेली. बायका लेकरं काखेत घेऊन तुरुंगात गेल्या. पुढं १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करण्याचं ठरलं. त्यातही किती जणांची नावं लागली आणि किती जण अजून तहसीलच्या पायऱ्या झिजवतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पण गायरान म्हणजे कसली जमीन? गावाची सुपीक काळी जमीन पिढ्यान्‌पिढ्या धरलेली होती. राहिली ती चढाची, मुरमाड, हलकी, ढोरं चारायची. तिथं मातीचा थर वीत-दीड वीत. खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. ज्याच्याकडं चार हात खोल काळी जमीन आहे, त्याचा एखादा इंच गेला तर त्याला लवकर कळतही नाही. ज्याच्याकडं वीतभरच आहे, त्याची दोन-चार बोटं गेली की शेतीच संपली. म्हणून मी म्हणतो, सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे लढा अर्धा झाला. कागद नाव धरून ठेवतो, माती धरत नाही. माती मुळं धरतात. आज मला सांगायचं आहे ते एवढंच, बाकी सगळा त्याचा विस्तार आहे.

माती जाते कशी, हे आधी समजून घेऊ. आपल्याला वाटतं पुरानं जाते. पुरानं जाते ती दिसते. पण जास्त माती जाते ती न दिसता, साध्या जोरदार सरीनं. मोठ्या सरीतला थेंब ताशी तीस किलोमीटरच्या आसपास वेगानं जमिनीवर आदळतो. जमीन उघडी असेल तर तो ढेकळाचा भुगा करतो. त्या भुग्यानं जमिनीची बारीक छिद्रं बुजतात, वर लेपासारखी पापडी धरते, पाणी मुरायचं थांबतं आणि उताराला लागतं. पहिल्यांदा पातळ पडद्यासारखं सगळ्या रानावरून वाहतं. मग त्याच्या बोटाएवढ्या चिरी होतात, चिरींचे ओघळ होतात आणि ओघळीची घळ होते. घळ दिसायला लागली म्हणजे रोग जुना झाला असं समजावं.

आपल्या काळ्या जमिनीचा स्वभावही ओळखला पाहिजे. उन्हाळ्यात ती भेगाळते. मृगाचं पहिलं पाणी त्या भेगांत जातं. पण एकदा ओली झाली की ती फुगते, भेगा मिटतात, आणि मग पाणी फार सावकाश आत घेते. त्या वेळी वरून जोराची सर आली की पाणी वाहणारच. नेमकं तेव्हाच रान मोकळं असतं. सोयाबीन, कपाशी नुकती उगवलेली असते, तिची ना पानं जमीन झाकतात, ना मुळं माती धरतात. जूनपासूनचे पहिले पाच-सहा आठवडे हेच सगळ्यात धोक्याचे.

थोडा हिशेब करू. एका एकरावरून फक्त एक मिलिमीटर जाडीची माती गेली, म्हणजे नखाच्या जाडीपेक्षा थोडी जास्त, तर ती भरते सुमारे पाच टन. बैलगाडीनं वाहायची म्हटलं तर किती खेपा होतील, तुम्हीच मोजा. देशाच्या पातळीवर शास्त्रज्ञांनी १९८३ साली अंदाज काढला होता, तो वर्षाला ५३३ कोटी टन, म्हणजे सरासरी हेक्टरी १६ टनांहून अधिक. ही माती जाते कुठं? आपल्या परतूर तालुक्यातलं काही पाणी दुधनेला जातं, काही गोदावरीला. दुधना पूर्णेला मिळते आणि पूर्णाही शेवटी गोदावरीलाच. वाटेत तळी आणि धरणं गाळानं भरतात. मग २०१७ साली "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजना निघाली, आणि शेतकरी गाडीभाडं देऊन गाळ शेतात आणू लागले. योजना चांगली. पण विचार करा, वरच्या शिवाराची फुकट गेलेली माती आपण पैसे मोजून परत आणतो. गायरानावरच्या गरिबाला तर ते भाडंही परवडत नाही.

आता मुळांकडं येऊ. मूळ माती कशी धरतं? उद्या सकाळी बांधावरचा हरळीचा एक ठोंब कुदळीनं काढा आणि हातात धरून झटका. माती पडता पडत नाही. शेजारच्या मोकळ्या रानातलं ढेकूळ घेऊन पाण्याच्या तांब्यात टाका, ते लवकर विरघळतं. हरळीच्या मुळातलं ढेकूळ टाका, ते बराच वेळ टिकतं. हा प्रयोग शाळेतलं पोरगंही करू शकतं, आणि सगळं शास्त्र त्यात आहे.

गवताची मुळं केसांच्या जटेसारखी असतात. ती मातीच्या कणांना चहूबाजूंनी गुंतवतात, सुतळीच्या जाळीत धान्य बांधावं तशी. हे झालं एक काम. दुसरं, जिवंत मुळातून चिकट रस पाझरतो. त्यावर सूक्ष्म जीव जगतात, बुरशीचे तंतू पसरतात, आणि हे सगळं मिळून मातीच्या कणांना डिंकासारखं चिकटवतं. अशी दाणेदार माती थेंबाच्या माराला लवकर फुटत नाही. तिसरं काम मूळ मेल्यावरचं. मूळ कुजतं तेव्हा त्याच्या जागी बारीक नळी राहते, तिच्यातून पाणी खोल मुरतं. जेवढं मुरलं तेवढं वाहायचं टळलं. चौथं, झाडाची खोल मुळं. स्लॅबमध्ये लोखंडी सळई असते ना, तशी ती उतारावरच्या मातीला खालच्या थराशी शिवून ठेवतात. म्हणून नुसतं झाड किंवा नुसतं गवत पुरत नाही. गवत वरची माती धरतं, झाड खालची. तूर-कपाशीचं सोटमूळ खोल जातं, पण वरची माती बांधायला ज्वारी-बाजरीची तंतुमुळं जास्त कामाची. मिश्र पिकं घेणारी आपली जुनी माणसं अडाणी नव्हती.

आता धम्माचं नातं सांगतो. धम्मपदातला चोविसावा वग्ग तण्हावग्ग आहे, तृष्णेवरचा. भन्तेजींनी तो आपल्याला अनेकदा समजावून सांगितलेला असेल. त्यात भगवंतांनी तृष्णेला एका गवताची उपमा दिली आहे. त्या गवताचं पाली नाव बीरण, आणि त्याच्या सुगंधी मुळाचं नाव उसीर. पाऊस पडल्यावर बीरण फोफावतं, तसं तृष्णेच्या आहारी गेलेल्याचं दुःख वाढतं. आणि ज्याला उसीर हवं तो जसा बीरणाला मुळापर्यंत खणतो, तसं तृष्णेचं मूळ खणून काढायला सांगितलं आहे. हे बीरण म्हणजे आपला वाळा. उन्हाळ्यात माठात टाकतो तो वाळा, कूलरच्या ताट्या होतात तो खस.

भगवंतांनी नेमकं हेच गवत का घेतलं असेल? मला वाटतं, ऐकणारे शेतकरी होते आणि वाळा खणणं काय असतं हे त्यांना ठाऊक होतं. वरून कापून तो मरत नाही, पुन्हा फुटतो. त्याचं मूळ इतकं खोल आणि चिवट की माणसाला घाम फोडतं. मनातल्या तृष्णेसाठी हा चिवटपणा वैरी आहे. पण बांधावर तोच चिवटपणा आपला मित्र आहे. मनातलं बीरण खणायचं, बांधावरचं बीरण राखायचं.

वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, दोन-तीन मीटर, चांगल्या जमिनीत त्याहून खोल. आडवी फारशी पसरत नाहीत, म्हणून शेजारच्या पिकाचा घास घेत नाहीत. मूळ ओढून तुटायला लागणारा जोर मोजला तर तो साध्या पोलादाच्या साधारण एक षष्ठांश भरतो. कर्नाटकात गुंडलुपेटच्या बाजूचे शेतकरी पूर्वीपासून बांधाला वाळा लावीत आले. फिजी बेटांवर १९५० च्या दशकात जॉन ग्रीनफील्ड यांनी उसाच्या उतारावरच्या रानांत तो लावला. पुढं १९८० च्या दशकात त्यांनी आणि रिचर्ड ग्रिमशॉ यांनी जागतिक बँकेमार्फत भारतात त्याचा प्रचार केला, आणि इथून तो कितीतरी देशांत गेला. गवत आपलं, उपमा आपली, आणि उपयोग सांगायला माणसं बाहेरून आली. असो, चांगलं जिथून येईल तिथून घ्यावं.

लावायची रीत सोपी आहे. ठोंब फोडून दोन-तीन फुटव्यांच्या जुड्या करायच्या, शेंडा वीतभर ठेवून छाटायचा, आणि पाऊस लागल्यावर उताराला आडवी, समपातळीत एकच ओळ लावायची. दोन जुड्यांत दहा-पंधरा सेंटिमीटर अंतर. पहिल्या वर्षी नांग्या भरायच्या. दोन-तीन वर्षांत ओळ भिंतीसारखी भरते. पाणी तिच्यातून गाळून निघतं, वेग मोडतो, माती मागं बसते. दरवर्षी थोडी थोडी बसत जाते आणि आपोआप पायरी तयार होते. जून पानं शेळी फारशी खात नाही, कोवळी ढोरांना कापून घालता येतात. बी न धरणाराच वाळा घ्यावा, म्हणजे तण होऊन पसरत नाही. एक मात्र ध्यानात ठेवा, मुळं विकायच्या लोभानं बांधावरचा वाळा खणला, तर बांधच पोखरला.

भन्तेजींसमोर विनयाबद्दल बोलणं म्हणजे धाडस आहे, पण एक गोष्ट सांगावीशी वाटते. भिक्खूंच्या पातिमोक्खात पाचित्तिय नियमांमध्ये दहावा नियम जमीन खणण्याबद्दल आहे आणि अकरावा वनस्पती तोडण्याबद्दल. माती आणि वनस्पती शेजारी शेजारी. त्याच अकराव्या नियमाच्या विवरणात वनस्पती कशापासून उगवतात त्याचे पाच प्रकार मोजले आहेत, आणि त्यात पहिला मान मुळापासून उगवणाऱ्यांना आहे. वर्षावासाचं मूळही आठवा. पावसाळ्यात भिक्खू फिरतात, हिरवं गवत तुडवतात, बारीक जीव मरतात, अशी लोकांची तक्रार होती. म्हणून भगवंतांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घातला. त्या वेळी मातीच्या धुपीचं शास्त्र कोणी मांडलं नव्हतं. पण ओली जमीन आणि कोवळं गवत या दिवसांत सांभाळावं लागतं, ही जाण त्यात आहे. आषाढ पौर्णिमेपासून आपण वर्षावास पाळतो. माती जाण्याचा खरा काळही तोच.

मुळं गेल्यावर काय होतं, याचा मोठा दाखला अमेरिकेचा आहे. तिथल्या मैदानांवर हजारो वर्षांचं गवत होतं. गव्हासाठी ते लाखो एकर नांगरलं गेलं. १९३० च्या दशकात दुष्काळ पडला, धरायला मुळं नव्हती, आणि माती वाऱ्यावर उडाली. सगळ्यात भयंकर वादळ झालं १४ एप्रिल १९३५ ला. त्या दिवसाला तिकडं "काळा रविवार" म्हणतात. आपल्याला ही तारीख वेगळ्या कारणानं पाठ आहे. त्याच वर्षी त्या देशानं मृदसंधारणाचा कायदा करून त्यासाठी स्वतंत्र खातं उभं केलं. एवढा श्रीमंत देश, पण गवताच्या मुळांची किंमत त्याला गवत गेल्यावर कळली.

चांगला दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. जालना तालुक्यातल्या कडवंची गावात १९९६ ते २००२ या काळात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम झाला. विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळानं तो राबवला. माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झालं. चर खोदले, बांध घातले, पडीक रानात गवत आणि झाडं वाढवली. या कार्यक्रमाच्या अटींत श्रमदान होतं, तशी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीही होती. चर आणि बांध पाणी अडवतात हे सगळे सांगतात. पण चराची आणि बांधाची माती धरून ठेवायला गवत नसेल, तर तोच बांध चार पावसांत बसतो. दुष्काळातही द्राक्षं पिकवणारं गाव म्हणून कडवंचीचं नाव झालं, त्यात त्या माथ्यावरच्या गवताचाही वाटा आहे.

इथं एक प्रश्न मोकळेपणानं विचारला पाहिजे. चराईबंदी झाली की सगळ्यात आधी कोणाच्या शेळ्या अडतात? ज्याला स्वतःचं रान नाही, त्याच्या. आपल्या कितीतरी माय-माउल्यांचा संसार दोन-चार शेळ्यांवर चालतो. त्यांना नुसतं "बंद" म्हणून चालणार नाही. गवत वाढवायचं तर ते कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीनांना द्यावा, हे ग्रामसभेत ठरावानं घ्या. कापलेलं गवत पुन्हा वाढतं, त्याचं मूळ शाबूत राहतं. शेळी चरते ते कधी कधी मुळापर्यंत जातं. कापून घालण्यात श्रम जास्त आहेत हे खरं. पण हक्क आपला असेल तर श्रम परवडतात.

आता तुमच्या-माझ्या हातातलं सांगतो.

उन्हाळ्यात बांध पेटवू नका. बांधावर तणनाशक मारू नका. हरळी, कुंदा हे रानात वैरी आहेत हे मान्य. हरळी खणून आपल्या बापजाद्यांच्या पाठी वाकल्या आहेत. पण रानातली हरळी काढताना बांधावरचं गवत राहू द्या. बांध कोरून दोन तास वाढवायचा मोह टाळा. तो शेजाऱ्याशी भांडणही लावतो आणि मातीही घालवतो.

पीक काढल्यावर मुळं रानातच राहू द्या. सोयाबीन कापा, उपटू नका. ज्वारी-बाजरीची धसकटं वेचून पेटवण्यापेक्षा जागेवर कुजू द्या. रायगड जिल्ह्यातल्या नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांची विनानांगरणीची एसआरटी पद्धत याच विचारावर उभी आहे. कायम गादीवाफे ठेवायचे आणि मागच्या पिकाची मुळं जमिनीतच ठेवायची.

ओघळ लहान आहे तोवर आडवे दगड लावा आणि मागं साचलेल्या मातीत वाळा किंवा मारवेल लावा. नदी-नाल्याच्या काठाला करंज, जांभूळ, उंबर, निरगुडी राहू द्या. नाला खोलीकरण करताना काठ खरडून साफ करायची पद्धत पडली आहे, तिला गावानं अडवलं पाहिजे. गायरानाच्या बांधाला गिरिपुष्प लावा, त्याचा पाला खताला होतो.

मुळांनी सगळंच होतं असंही नाही. पुराचा मुख्य लोंढा आला तर गवत एकटं थोपवू शकत नाही. काठाच्या पायथ्याची वाळू उपसली तर वडाची मुळंसुद्धा हवेत लोंबकळतात. तिथं कायद्याची आणि गावाच्या एकीची गरज असते. पण रोजच्या पावसानं हळूहळू जाणारी माती मुळं नक्की वाचवतात, आणि तिला खर्च फारसा नाही.

शेवटी विहार समितीला एक विनंती. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधी वनस्पती, मुळं आणि फळं जिथं नव्हती तिथं आणून लावल्याचं कोरलेलं आहे. आपण शिलालेख कोरायची गरज नाही. विहाराच्या आवारात वाळ्याची एक ओळ लावा. एका ठोंबाचे वर्षभरात कितीतरी फुटवे होतात. दर वर्षावासाच्या सुरुवातीला गायरानावर कसणाऱ्या कुटुंबांना त्यातल्या जुड्या द्या. पोरांनी पाणी घालावं, महिला मंडळानं वाटप करावं, आणि पुढच्या वर्षी ज्यांना मिळाल्या त्यांनी त्यांच्या ठोंबातून दुसऱ्यांना द्याव्यात. दान असंही असतं.

ज्या जमिनीसाठी आपली माणसं तुरुंगात गेली, ती पावसाबरोबर गोदावरीत जाऊ देणं आपल्याला शोभत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला संघटित व्हायला सांगितलं. मुळांचं काम तेच आहे. एक मूळ केसाएवढं, पण हजार मिळून बांध धरतात.

 सर्वांचं मंगल होवो.

जयभीम! नमो बुद्धाय!